पार्श्वभूमी : संत डेव्हिड दिन आणि वेल्सला न मिळालेली सुट्टी

१ मार्चच्या सकाळी वेल्समधल्या प्राथमिक शाळांच्या फाटकाशी उंच काळ्या टोप्या आणि लाल शाली घातलेल्या लहान मुली दिसतात. कोणाच्या छातीवर डॅफोडिलचे पिवळे फूल टाचलेले असते, तर कोणाच्या अंगात रग्बी संघाची लाल जर्सी असते. शाळेत दिवसभर गाणी आणि कवितापाठ चालतात. मुलांना सोडून आईवडील मात्र नेहमीप्रमाणे कामावर जातात, कारण संत डेव्हिडच्या स्मृतिदिनी वेल्समध्ये सार्वजनिक सुट्टी नसते. ती का नसते, याचे उत्तर धर्मापेक्षा कायद्याच्या एका परिशिष्टात अधिक सापडते.

डेव्हिड, म्हणजे वेल्श भाषेतला डेवी, हा ६व्या शतकातला मठाधिपती. भाकरी, भाजीपाला आणि पाणी यांवर राहणारा, बैल न जुंपता मठवासीयांकडून नांगर ओढवून घेणारा अशी त्याची ख्याती होती. त्याच्याविषयी आज जे सांगितले जाते त्यातले बहुतेक सारे, लँडेवी ब्रेवी येथे प्रवचन देताना त्याच्या पायांखालची जमीन उंचावून टेकडी झाल्याच्या कथेसह, ११व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या एका लॅटिन चरित्रातून आले आहे. हे चरित्र डेव्हिडच्या नावाच्या धर्मपीठाच्या, म्हणजे सेंट डेव्हिड्सच्याच, एका बिशपच्या मुलाने लिहिले. नॉर्मन सत्ता दाराशी येऊन ठेपली असताना आपले धर्मपीठ कँटरबरीच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या प्रमुख धर्मपीठाच्या, अधिकाराखाली जाऊ नये, ही धडपड त्यात जागोजागी जाणवते. पुढे सेंट डेव्हिड्सच्या दोन वाऱ्या रोमच्या एका वारीइतक्या पुण्याच्या मानल्या जाऊ लागल्या. तरीही १ मार्च हा सण सर्वत्र पाळावा, असा आदेश १३९८ मध्ये निघाला तो कँटरबरीच्या आर्चबिशपकडूनच. वेल्सच्या या दिवसाचा निर्णय वेल्सबाहेर होण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

धर्मसुधारणेच्या काळात समाधिस्थान उद्ध्वस्त झाले आणि संतपूजा मागे पडली. दिवस उरला तो ओळखीचा म्हणून, आणि तोही बराचसा लंडनमध्ये. वेल्श वंशाच्या ट्यूडर राजांच्या दरबारात १६व्या शतकात या दिवशी लीक भेट देण्याची प्रथा होती. लीक ही कांद्याच्या कुळातली, जाड पांढऱ्या दांड्याची भाजी. ती टोपीला लावण्याची चाल नेमकी कोणत्या लढाईतून आली, याबद्दलच्या कथा बऱ्याच नंतरच्या आहेत. डॅफोडिल तर त्याहून उशिरा, गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत रुळले. वेल्शमध्ये लीकला ‘केनहिनेन’ आणि डॅफोडिलला ‘केनहिनेन बेडर’, म्हणजे ‘पीटरची लीक’, म्हणतात. या नावानेही त्याची वाट सोपी केली असावी. वेल्श पलटणींच्या मेसमध्ये मात्र अजूनही लीकचाच मान आहे: नवा अधिकारी खुर्चीवर उभा राहून एक पाय टेबलावर ठेवतो आणि ढोलाच्या गजरात कच्ची लीक चावून खातो.

लंडनमध्ये हा दिवस नेहमी सन्मानाचाच होता असे नाही. १ मार्च १६६७ रोजी नौदलाच्या एका अधिकाऱ्याने रोजनिशीत लिहिले आहे की मार्क लेनमधल्या एका व्यापाऱ्याच्या घरावर वेल्श माणसाच्या वेशातला पुतळा गळफास लावून टांगलेला होता. पुढे १७१५ मध्ये लंडनमधल्या वेल्श मंडळींनी या दिवसाच्या निमित्ताने एक संस्था स्थापन केली. तिला राजाश्रय सहज मिळाला, कारण तत्कालीन ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’चा, म्हणजे युवराजाच्या पत्नीचा, वाढदिवसही १ मार्चलाच येत असे. थोड्याच वर्षांत गरीब वेल्श मुलांसाठी शाळाही निघाली. परक्या शहरात हा दिवस पुन्हा मानाने उभा केला तो या लोकांनी.

सुट्टीच्या वादाकडे वळताना ‘बँक हॉलिडे’ या संज्ञेचा गुंता आधी सोडवावा लागतो. १८७१ च्या ब्रिटिश कायद्याने ठरावीक दिवशी बँका बंद ठेवण्याची आणि त्या दिवशी देय होणारी बिले दुसऱ्या दिवशी चुकती करण्याची मुभा दिली; इतर धंदे बंद राहू लागले ते रिवाजाने. त्याची जागा घेणाऱ्या १९७१ च्या कायद्यानेही कोणत्याही कामगाराला त्या दिवशी घरी राहण्याचा हक्क दिलेला नाही. सुट्टी मिळेल की नाही हे नोकरीच्या करारावर ठरते, आणि वर्षाच्या ५.६ आठवड्यांच्या वैधानिक रजेत मालकाला हे दिवस मोजता येतात. म्हणूनच सुट्टी दिल्यास उद्योगांचे अतोनात नुकसान होईल, हा आक्षेप फुगवलेला वाटतो. पण यादीत नाव आले की साऱ्या देशाला सुट्टी मिळेल, ही काही समर्थकांची समजूतही पुरती खरी नाही. यादी कोणाच्या हातात आहे, हाच खरा प्रश्न आहे.

१९७१ च्या कायद्याच्या परिशिष्टात तीन याद्या आहेत: इंग्लंड व वेल्सची एक, स्कॉटलंडची दुसरी आणि उत्तर आयर्लंडची तिसरी. वेल्सला स्वतःचा रकाना नाही. आयर्लंडला संत पॅट्रिकच्या दिवसाची सुट्टी १९०३ मध्येच मिळाली, तर स्कॉटलंडच्या विधिमंडळाने संत अँड्र्यूच्या दिवसाचा कायदा २००७ मध्ये स्वतःच केला. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा पेच चटकन उमगणार नाही. १ मेच्या महाराष्ट्र दिनासह वर्षभराच्या सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना आपल्याकडे राज्य शासन काढते, आणि १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम २५ खालचा तो अधिकार केंद्राने राज्याकडे सोपवलेला आहे. वेल्सकडे असे काहीही सोपवलेले नाही.

ही उणीव एकाएकी आलेली नाही. स्वायत्ततेवरचे पहिले सार्वमत १ मार्च १९७९ रोजी झाले आणि मत देणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी स्वायत्तता नाकारली. १९९७ च्या दुसऱ्या सार्वमतात बाजूने जेमतेम ५०.३ टक्के मते पडली, आणि त्यातून निर्माण झालेल्या विधिमंडळाला अधिकारही मोजकेच मिळाले. याच विधिमंडळाने २००० मध्ये संत डेव्हिड दिनाच्या सुट्टीची मागणी एकमताने मंजूर केली. २००६ च्या एका पाहणीत ८७ टक्के लोकांनी सुट्टी हवी असे सांगितले, आणि ६५ टक्क्यांनी तर त्यासाठी दुसरी एखादी सुट्टी सोडण्याची तयारी दाखवली. त्याच वर्षी १ मार्चला विधिमंडळाच्या नव्या इमारतीचे राणीच्या हस्ते उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी सुट्टीसाठीची याचिका पंतप्रधान कार्यालयाने फेटाळली.

२०११ मध्ये मे महिन्याच्या आरंभीची सुट्टी वेल्सपुरती १ मार्चला हलवण्याची कल्पना लंडनच्या सरकारनेच मांडली, पण ती कागदावरच राहिली. २०२२ मध्ये पुन्हा नकार मिळाला. त्यामागे मुख्य कारण दिले गेले की इंग्लंड-वेल्स सीमा ओलांडून रोज कामाला जाणाऱ्यांची संख्या स्कॉटलंडच्या सीमेवरच्यापेक्षा बरीच मोठी आहे. सीमेलगतच्या, इंग्लंडमधल्या चेस्टर आणि वेल्समधल्या डीसाइडच्या परिसरात हे खरेच आहे. परंतु या युक्तिवादात सोय नेहमी इंग्लंडच्या दिनदर्शिकेवरून मोजली जाते, हे नजरेआड करता येत नाही.

वायव्य वेल्समधल्या, जिथे वेल्श ही रोजच्या व्यवहाराची भाषा आहे अशा ग्विनेड जिल्ह्याच्या परिषदेने तेव्हा वाट पाहणे सोडले आणि १ मार्च २०२२ ची रजा आपल्या कर्मचाऱ्यांना स्वतःच्या खर्चाने दिली. त्याच जिल्ह्यातल्या बँकांसाठी तो कामकाजाचा मंगळवार होता.