तांबं चकाकलं म्हणजे ग्राफीन चांगलं येतं का?

वडोदऱ्यात विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मराठी मुलांकडून एक समज हमखास ऐकू येतो: तांब्याचा पत्रा आरशासारखा लखलखीत केला की त्यावर ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या अणूंचा जेमतेम एका अणूइतका पातळ, थर एकसंध येणारच. हे अर्धसत्य आहे आणि त्यापायी चांगली मेहनत वाया जाते.

सुमारे १००० अंश सेल्सिअसला तापलेल्या तांब्यावरून मिथेन आणि हायड्रोजन सोडतात. मिथेन तुटतो, कार्बन जागोजागी गोळा होऊन ग्राफीनची बेटं तयार होतात आणि वाढत वाढत एकमेकांना भिडतात. जिथे भिडतात तिथे बहुधा सांधा राहतो. म्हणून बेटं जितकी कमी, तितका थर चांगला.

चिंचेने घासलेला देवघरातला तांब्या झळकतो, पण ओरखडे राहतातच. पत्र्याचंही तसंच. लाटताना पडलेल्या समांतर रेघा आणि पृष्ठभागावरचा मळ डोळ्यांना जाणवत नाही, कार्बन मात्र आधी तिथेच धरतो. यावर उपाय म्हणजे फॉस्फरिक आम्लात विद्युत-पॉलिश (विजेच्या मदतीने पृष्ठभाग गुळगुळीत करणं) आणि मग हायड्रोजनमध्ये तापवणं. त्याने तांब्याचे स्फटिककण मोठे होतात.

आणि ‘अगदी शुद्ध तेच उत्तम’ हेही खरं नाही! २०१३ साली दिसून आलं, की पृष्ठभागावरचा किंचित ऑक्सिजन कार्बन धरणाऱ्या जागा निकामी करतो आणि ग्राफीनचा एकेक स्फटिक सेंटिमीटरभर वाढू शकतो.

ग्राफीन निकेलवरही वाढवतात, पण त्याची गोष्ट वेगळी. त्यात कार्बन आत विरघळतो आणि थंड होताना वर येतो, त्यामुळे नुसत्या गुळगुळीतपणाने ग्राफीनच्या थरांची संख्या आवरत नाही.