बीकरवरच्या रेघांवर विसंबू नका

शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत सगळ्यात जास्त हाताळलं जाणारं भांडं म्हणजे बीकर, पाठ्यपुस्तकातलं चंचुपात्र. त्याच्या अंगावर ५०, १००, १५०, २०० अशा पांढऱ्या रेघा असतात, म्हणून बरेच विद्यार्थी त्याला मापच समजतात. त्याच रेघांच्या आसपास अनेकदा बारीक अक्षरांत ±५% असंही छापलेलं असतं, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. याचा अर्थ, २०० च्या रेघेपर्यंत भरलेलं पाणी १९० मिली असू शकतं किंवा २१० सुद्धा. बीकर मुळात ओतायला, ढवळायला, विरघळवायला आणि तापवायला केलेला असतो. रेघा फक्त अंदाजासाठी.

मापात बीकर मार खातो तो त्याच्या रुंदीमुळे. २५० मिलीच्या बीकरचा व्यास साधारण ७ सेंटिमीटर असतो. पातळी वाचताना नजर एका मिलिमीटरने चुकली, तर जवळजवळ ४ मिलीचा फरक पडतो. याउलट व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क पाहा: खाली गरगरीत पोट, वर लांब अरुंद मान आणि त्या मानेवर एकच रेघ. मानेचा आतला व्यास १२ मिलिमीटर धरला, तर तीच एका मिलिमीटरची चूक ०.११ मिलीवर येते. म्हणून ठरावीक तीव्रतेचं द्रावण तयार करायचं असेल, तर पदार्थ बीकरमध्ये विरघळवतात आणि शेवटची भर मात्र या फ्लास्कमध्ये घालतात. उंच, सरळ मोजपात्र या दोघांच्या मधलं. १०० मिलीच्या मोजपात्रात ‘बी’ दर्जाच्या, म्हणजे ‘ए’ पेक्षा कमी काटेकोर, काचेला १ मिलीपर्यंतची चूक माफ असते. रोजच्या कामाला ते पुरतं.

व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कवर आणखी एक आकडा असतो, ज्या तापमानाला त्याचं माप बरोबर भरतं त्याचा. परदेशी बनावटीवर बहुधा २० अंश सेल्सिअस, तर भारतीय मानकानुसार केलेल्यावर २७ अंश. आपल्याकडची हवा पाहून घेतलेला हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. २० वरून २७ अंशांवर गेलं की एक लिटर पाणी सुमारे १.७ मिलीने फुगतं. काचेच्या भांड्याची क्षमता तेवढ्यात ०.१ मिलीनेही वाढत नाही. मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या प्रयोगशाळेत पारा ४० वर गेला, तर २७ अंशांच्या तुलनेत दर लिटरमागे ४ मिलीहून जास्त फरक पडतो. काटेकोर काम करणाऱ्याला तो सोडून देता येत नाही.

आता पिपेट, म्हणजे ठरावीक माप द्रव ओढून दुसऱ्या भांड्यात सोडायची नळी. तिच्यावर बऱ्याचदा ‘टीडी’ (टू डिलिव्हर) किंवा त्याच अर्थाचं ‘एक्स’ लिहिलेलं असतं. फ्लास्कवरचं माप आत मावणाऱ्या द्रवाचं असतं, पिपेटवरचं बाहेर पडणाऱ्या द्रवाचं. साध्या फुगीर पोटाच्या पिपेटच्या टोकाशी शेवटी एक थेंब अडकून राहतो. तो फुंकून काढायचा नाही, टोक भांड्याच्या आतल्या भिंतीला टेकवून थांबायचं. उरलेला थेंब बनवणाऱ्याने हिशेबात आधीच धरलेला असतो. आणि द्रव तोंडाने ओढायची जुनी सवय आता सोडलेलीच बरी. रबरी फुगा त्यासाठीच असतो.

अनुमापनात, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून किती लागलं ते मोजण्यात, खरी कसोटी ब्युरेटची. ५० मिलीची ही उभी नळी ०.१ मिलीपर्यंत आखलेली असते आणि तिचा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. सुरुवात करण्यापूर्वी तोटीखालचा हवेचा बुडबुडा काढून टाकायचा, नाहीतर तो मधेच निसटतो आणि न पडलेलं द्रावण हिशेबात धरलं जातं. वरचं नरसाळंही काढून ठेवायचं. त्यातून मागाहून ठिबकलेला थेंब वाचन बिघडवतो. डोळा पातळीच्या समोर ठेवून पाण्याच्या खोलगट पृष्ठभागाचा तळ वाचायचा. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात मात्र तळ दिसतच नाही, तिथे वरची कड वाचतात.

ब्युरेटखाली बीकर ठेवला तरी चालतं, पण हात आखडतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल एर्लेनमायर यांनी १८६० च्या सुमारास वापरात आणलेलं शंकुपात्र इथे सोयीचं पडतं. तळ रुंद, तोंड अरुंद, त्यामुळे एका हाताने गरगर फिरवलं तरी आतलं बाहेर उडत नाही. आम्लात आम्लारी सोडताना फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचा फिका गुलाबी रंग येऊन टिकला की तोटी बंद. गडद गुलाबी झालं म्हणजे गाडी पुढे गेली.

तापवायच्या भांड्यांची काच वेगळी असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या येना इथे ओटो शॉट यांनी वाळूबरोबर बोरॉनची संयुगं वापरून बोरोसिलिकेट काच घडवली. ती साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, म्हणून तिवईवरच्या जाळीवर ठेवून तापवली तरी सहसा तडकत नाही. तरी तापलेला बीकर थंडगार ओट्यावर टेकवू नये. मोजायची भांडी तर आचेवर ठेवायचीच नाहीत.

पिपेट बरोबर आहे का, हे तराजूवर कळतं. २७ अंशांच्या शुद्ध पाण्याचे १० मिली साधारण ९.९६ ग्रॅम भरतात. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या तराजूवर एक कोरडी झाकणाची बाटली ठेवा, दरवेळी १० मिली सोडून वाढलेलं वजन लिहा, असं पाच वेळा. पाचही आकडे एकमेकांजवळ पण ९.९६ पासून लांब आले, तर पिपेटमध्ये खोट आहे. आकडे विखुरलेले आले, तर आधी भरण्या-सोडण्याची पद्धत तपासायची.