ठिपक्यांचा घोडा घेताना आधी डोळे बघा

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरली की घोड्यांच्या बाजारात कोणत्या दावणीपुढे गर्दी आहे ते लांबूनच दिसतं. पांढराशुभ्र नुकरा, दुरंगी अबलख, आणि एखाद्या वर्षी अंगभर ठिपके असलेला घोडा. रंगाला भुलून घोडा घेऊ नये, असं जाणती माणसं सांगतात. पण ॲपलूसा या ठिपकेवाल्या जातीच्या बाबतीत रंगाकडे बारकाईने बघावंच लागतं, कारण अंगावरचे ठिपके आणि अंधारातली नजर यांचं मूळ एकाच जनुकात आहे.

ॲपलूसा मूळचा अमेरिकेतला. वायव्य भागातल्या पलूस नदीच्या खोऱ्यात नेझ पर्स जमातीने ही जनावरं जोपासली. 1877 च्या युद्धानंतर त्यांचे कळप विखुरले आणि 1938 मध्ये जातीची नोंद ठेवणारी संस्था उभी राहिली. डोंगरवाटांवर दिवसभर चालणारा, अंगाने भरीव, स्वभावाने बहुधा शांत, असा त्याचा लौकिक आहे. आपल्याकडे कागदपत्रांसह शुद्ध ॲपलूसा क्वचितच दिसतो. ठिपके दिसले की नाव मात्र तेच सांगितलं जातं, म्हणून आधी ती शहानिशा करावी.

अबलखाच्या अंगावर ठिपके नसतात, मोठे पांढरे चट्टे असतात. त्याचा रंग वेगळ्या जनुकांमुळे येतो. वयाबरोबर पांढऱ्या होत गेलेल्या सब्जा घोड्याच्या अंगावर तपकिरी बारीक शिंतोडे उठतात, तोही ॲपलूसा नव्हे. त्याची नाकपुडीभोवतीची कातडी सहसा सलग काळी असते. ॲपलूसाच्या नाकपुडीवर, डोळ्यांभोवती आणि शेपटीखाली गुलाबी-काळी चितकबरी कातडी दिसते. खुरांवर उभे काळे-पांढरे पट्टे असतात आणि बुबुळाभोवतीचा पांढरा भाग माणसासारखा उघडा दिसतो. शेपूट आणि आयाळ कित्येकदा विरळ असते. पावसाळ्यात गोठ्याशेजारी बांधलेल्या घोड्याला माशा वारायला झुपकेदार शेपूट लागते, तेव्हा हा दोष लहान समजू नये.

टीआरपीएम1 नावाचं जनुक पेशीच्या पडद्यातला एक मार्ग तयार करतं. हा मार्ग कातडीतल्या रंगपेशींना लागतो आणि डोळ्याच्या पडद्यावर मंद उजेडाचा संकेत पुढे नेणाऱ्या पेशींनाही लागतो. ठिपकेवाल्या घोड्यात या जनुकात डीएनएचा एक परका तुकडा घुसलेला असतो. आई किंवा बाप, एकाकडूनच तो आला तर रात्रीची नजर शाबूत राहते. दोघांकडून आला तर घोडा जन्मापासून रातांधळा. आजार वाढत नाही, त्यावर उपचार नाही, आणि दिवसा नुसतं बघून काही कळत नाही. अंदाज रंगावरून येतो. पांढऱ्या अंगावर भरपूर गडद ठिपके असतील तर बहुधा त्या तुकड्याची एकच प्रत असते. जवळजवळ सगळा पांढरा आणि मोजकेच ठिपके, किंवा पुठ्ठ्यावर, म्हणजे कंबरेमागच्या भागावर, ठिपक्यांविना पांढरी झूल, असा घोडा दोन्ही प्रतींचा समजावा. पांढरेपणा वाढवणारं जनुक वेगळं असल्याने रंगाची खूण दरवेळी पटेलच असं नाही. खात्री हवी तर मुळांसकट उपटलेले आयाळीचे केस जनुकीय तपासणीला पाठवावेत.

मराठवाड्यात ही बाब दुय्यम नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांपलीकडे जातो, तेव्हा लांबची स्वारी उजाडायच्या आधीच निघते. रातांधळा घोडा हिवाळ्यात दिवसा म्हैसमाळच्या वाटेवर उत्तम चालेल, पण पहाटे चारला बालाघाटाच्या उतारावर तो स्वतःही पडेल आणि स्वारालाही पाडेल.

बाजारात जनुकाचा अहवाल हाती नसतो, पण अंधाराची चाचणी घेता येते. दिव्याच्या उजेडातून आणलेल्या घोड्याला अंधारात निदान अर्धा तास उभं करावं. घोड्याचे डोळे अंधाराला सावकाश सरावतात. घाई केली तर चांगला घोडाही नापास ठरेल. मग त्याला अनोळखी, मोकळ्या जागेत न्यावं. वाटेत कडब्याच्या दोन-तीन पेंढ्या आणि भुशाने भरलेलं पोतं आडवं टाकलेलं असावं. टोकदार किंवा लोखंडी काही नको. दोर सैल सोडून पुढे चालावं, बॅटरी लावू नये. नजर ठीक असलेला घोडा मान खाली घालून पेंढी हुंगतो आणि ओलांडतो किंवा वळसा घालतो. रातांधळा मान वर ताणतो, डोकं एका बाजूला वळवतो, फुरफुरतो, धरणाऱ्याच्या अंगावर रेलतो आणि शेवटी पेंढीला पाय आपटतो. फेरी पुन्हा घ्यायची तर पेंढ्यांची जागा बदलावी, कारण घोडा जागा लक्षात ठेवतो.

डोळ्यांचा दुसरा धोका जास्त दगाबाज आहे. डोळ्याच्या आतल्या भागाला पुनःपुन्हा सूज येणारा आजार ॲपलूसात इतर जातींच्या कितीतरी पट जास्त आढळतो. इतर घोड्यांत डोळा लाल होतो, पाणी गळतं, पापणी मिटलेली राहते. ॲपलूसात तो बरेचदा न दुखता आत चालू राहतो आणि लक्षात येईपर्यंत मोतीबिंदू झालेला असतो. घोडा सावलीत घेऊन दोन्ही डोळे शेजारीशेजारी ताडून बघावेत. एक बाहुली लहान आहे का, कडा वाकडीतिकडी आहे का, पारदर्शक भागावर निळसर धूर आहे का? मग एक डोळा झाकून दुसऱ्यासमोर हात पुढे न्यावा, पण वारा लागू देऊ नये; वारा लागला तर आंधळा घोडाही पापणी मिटतो. गुलाबी पापणीवर न भरणारी खपली असेल तर तेही सोडून देऊ नका. रंग नसलेल्या कातडीला ऊन बाधतं, आणि तिथे कर्करोग होऊ शकतो.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते: डोळ्याच्या पाण्यात वळवळणारा पांढरा दोरा. गुरांच्या पोटातल्या एका जंताची ही पिल्लं असतात, डासांमार्फत घोड्यात येतात. हा दोष जातीचा नाही, शेजारच्या गोठ्याचा. पशुवैद्यक शस्त्रक्रिया करून जंत काढू शकतात, पण सौदा त्याआधी करू नये.

डोळे पास झाले की पाय. भोवरे आणि देवमण अशा शुभ-अशुभ मानल्या जाणाऱ्या केसांच्या खुणा शोधण्यात अर्धा तास घालवणारं गिऱ्हाईक खूर उचलून बघत नाही, याचं नवल वाटतं. पट्टेदार किंवा पांढरा खूर कच्चा असतो हा समज खोटा आहे. रंगाचा मजबुतीशी संबंध नाही. बघायचं ते असं: पुढचे दोन्ही खूर सारख्या आकाराचे आहेत का, टाचा रुंद आहेत का, खुराच्या बाहेरच्या भिंतीवरची वळी समांतर आहेत का. वळी टाचेकडे पसरत गेली असतील तर खुराला कधीतरी आतून सूज येऊन गेली आहे. तळव्याच्या मधल्या रबरासारख्या त्रिकोणाला कुजकट वास येत असेल तर ओली जागा आणि निष्काळजी साईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, हे कारण. इथे दगड काळा बेसाल्ट, पावसाळ्यात चिकट काळी माती, उन्हाळ्यात तीच माती भेगाळलेली. भिजणं-वाळणं चालू राहिलं की खुराची भिंत तडकते. नाल सहा ते आठ आठवड्यांनी बदलावाच लागतो, म्हणून गावाजवळ नालबंद आहे का हेही विचारून घ्यावं.

लंगडेपणा कडक जमिनीवर, सरळ रेषेत, दुडक्या चालीत कळतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. रेवाल, म्हणजे स्वाराला धक्के न देणाऱ्या मऊ चालीत ही खूण झाकली जाते. काही ॲपलूसांत तशीच घसरती, मऊ चाल असते, म्हणून विक्रेत्याने रेवाल दाखवली तरी दुडकीच मागावी. मग एकेक पाय मिनिटभर दुमडून धरून लगेच पळवावा. घोडा थंड असताना, आधी न फिरवता बघावा, कारण वेदनाशामक देऊन आणलेली जनावरंही बाजारात असतात. शंका आली तर रक्त तपासावं.

वजनाचा हिशेब मात्र कुणीच करत नाही. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 165 आणि लांबी 150 असेल तर वजन सुमारे 344 किलो येतं. घोड्याने वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त वाहू नये, म्हणजे 69 किलो. त्यात खोगीर 10 किलोचं धरलं तर स्वार 59 किलोचा. पोट सुटलेल्या माणसाने भरीव ॲपलूसाच बघावा, नाहीतर पायी चालावं.

दमाचं माप नाडीत असतं. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44. वीस मिनिटं दुडकीने चालवून थांबवा आणि डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. पंधरा मिनिटांत नाडी 60 च्या खाली आली पाहिजे. सुरुवातीलाच मागचे पाय ताठरले, घाम सुटला, लघवी कॉफीसारखी झाली तर स्नायूंचा आजार समजावा. त्याचा एक आनुवंशिक प्रकार ॲपलूसात आढळतो आणि त्याचीही केसांवरून तपासणी होते.

स्वभाव बाजारात कळत नाही. गळीत हंगामात बीड किंवा लातूरच्या रस्त्याकडेला घोड्यावर बसून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा, गाणी लावलेला ट्रॅक्टर शेजारून जाऊ द्या. दचकून दोन पावलं सरकला तर चालेल. वळून पळाला तर नको. सोबतच्या घोड्याला सोडून एकटा अर्धा किलोमीटर जातो का, गुडघाभर पाण्यात उतरतो का, स्वार चढताना स्थिर उभा राहतो का, हेही बघावं.

पैसे देण्याआधी परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जनावर दाखवावं. ग्लँडर्सचा अहवाल नकारार्थी हवा, कारण हा आजार माणसालाही होतो. मधूनमधून ताप, पायांना सूज आणि खंगणं असेल तर सर्‍यासाठी रक्त तपासावं. सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार घोडमाशीच्या चाव्याने पसरतो आणि एका तपासणीत सुटू शकतो, तेव्हा नमुना ताप असतानाच द्यावा.