महिला क्रिकेट विश्वचषक पात्रता स्पर्धा : पार्श्वभूमी

एप्रिल २०२५ मध्ये लाहोरला सहा संघ दोन जागांसाठी खेळले. यजमान पाकिस्तानने पाचही सामने जिंकले. दुसऱ्या जागेसाठी बांगलादेश आणि वेस्ट इंडीज यांचे गुण सारखे झाले आणि निव्वळ धावगतीत ०.६३९ विरुद्ध ०.६२६ एवढ्या फरकाने विंडीज बाहेर गेलं. शेवटच्या सामन्यात त्यांच्या कर्णधाराने २९ चेंडूंत ७० धावा काढल्या, थायलंडच्या १६६ धावा १०.५ षटकांत पार झाल्या, तरी उशीर झालाच. पहिल्याच दिवशी स्कॉटलंडकडून ११ धावांनी हार पत्करली नसती, तर ही आकडेमोड करायची वेळच आली नसती.

लाहोरला ही स्पर्धा व्हायची होती खरं तर २००७ मध्ये. सुरक्षेच्या कारणावरून ती हलवली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशला घेतली. बर्म्युडाचा संघ तिथे १३ धावांत गारद झाला आणि यजमानांनी चार चेंडूंत सामना संपवला, एवढीच त्या स्पर्धेची आठवण लोकांना आहे. त्याआधीची, म्हणजे पहिली पात्रता स्पर्धा २००३ ची, नेदरलँड्समधली. आयर्लंड आणि विंडीज तिथून पुढे गेले. तेव्हा महिला क्रिकेटची जागतिक संघटना वेगळी होती. २००५ मध्ये ती पुरुषांच्या संघटनेत विलीन झाली.

२०११ ची स्पर्धा बांगलादेशात झाली. विंडीज, पाकिस्तान, श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिका तिथून २०१३ च्या भारतातल्या विश्वचषकाला आले. पुढे काय झालं ते मुंबईकरांनी ब्रेबॉर्नवर पाहिलं आहे. श्रीलंकेने भारताला १३८ धावांनी हरवून साखळीतच घरी बसवलं आणि विंडीजने थेट अंतिम फेरी गाठली. मागच्या दाराने आलेले संघ म्हणून ज्यांच्याकडे पाहिलं जात होतं त्यांनी हे केलं आणि यजमान सातव्या जागेसाठी कटकला खेळत बसले.

त्यानंतर पद्धत बदलली. २०१४ पासून आठ संघांची एकदिवसीय अजिंक्यपद मालिका सुरू झाली. प्रत्येकाने प्रत्येकाशी तीन सामने खेळायचे, विजयाला दोन गुण, पहिल्या चार संघांना थेट प्रवेश आणि उरलेले चार पात्रता स्पर्धेत. वाचायला सरळ वाटणाऱ्या या नियमात भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांशी खेळायचं, हेही आलंच.

या दोघांमधली, पाकिस्तानच्या यजमानपदाखालची तीन सामन्यांची मालिका १ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर २०१६ या मुदतीत व्हायला हवी होती. ती झाली नाही. सप्टेंबरमधला उरीचा हल्ला याच मुदतीतला. सरकारच्या परवानगीशिवाय आम्ही खेळू शकत नाही, ही भारतीय मंडळाची बाजू. जागतिक संघटनेच्या तांत्रिक समितीने संबंधांची नाजूक परिस्थिती मान्य केली, पण न खेळण्याचं स्वीकारार्ह कारण मंडळाला दाखवता आलं नाही असं ठरवून तिन्ही सामन्यांत पाकिस्तानला पुढे चाल दिली. सहा गुण पाकिस्तानचे. वर धावगतीच्या हिशेबात भारताने तिन्ही सामन्यांत ५० षटकं खेळून शून्य धावा केल्या असं धरायचं!

भारत १९ गुणांवर पाचवा राहिला, विंडीज २२ गुणांवर चौथं. गुण निम्मे-निम्मे वाटले असते तर भारतही २२ वर गेला असता. आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये, म्हणजे हा निकाल आला त्याच महिन्यात, भारताने विंडीजला घरच्या मैदानावर ३-० असं हरवलं होतं. परवानगीच्या कागदावर खेळाडूंची सही नसते. शिक्षा मात्र त्यांनी भोगली.

म्हणून फेब्रुवारी २०१७ मध्ये भारतीय संघ कोलंबोला पात्रता स्पर्धा खेळायला गेला. तिथे सुपर सिक्समध्ये, म्हणजे सहा संघांच्या दुसऱ्या फेरीत, गाठ पडली ती पाकिस्तानशीच. हा सामना कसलीही अडचण न येता झाला, पाकिस्तान ६७ धावांत बाद झालं. द्विपक्षीय मालिका चालत नाही आणि स्पर्धेतला सामना चालतो, हा भेद सरकारी भाषेत स्पष्ट असेल. गुणतक्त्यात तो कुठे बसवायचा हे कुणी ठरवलं नव्हतं. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या २४४ धावांसमोर विदर्भाच्या एका खेळाडूने ५९ केल्या, शेवटच्या दोन चेंडूंत आठ हव्या होत्या आणि भारताच्या कर्णधाराने एक षटकार आणि दोन धावा घेऊन त्या काढल्या. पाच महिन्यांनी हाच संघ लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला आणि नऊ धावांनी हरला.

पुढच्या आवर्तनात पुन्हा तीच मालिका आणि पुन्हा तेच. २०१९ मध्ये ठरलेल्या मुदतीत भारत–पाकिस्तान सामने झाले नाहीत. पण एप्रिल २०२० मध्ये त्याच समितीने निकाल वेगळा दिला. सरकारी परवानगी मिळू शकली नाही हे मंडळाने यावेळी दाखवून दिलं, सबब ही हाताबाहेरची परिस्थिती, गुण तीन-तीन वाटून घ्या. भारत २३ वर चौथा, पाकिस्तान १९ वर पाचवा. २०१६ चा न्याय लावला असता तर भारताचे २० आणि पाकिस्तानचे २२ झाले असते. म्हणजे थेट प्रवेश पाकिस्तानचा आणि पात्रता स्पर्धा भारताच्या नशिबी. पहिला निकाल आपल्यावर अन्याय करणारा होता असं म्हणणाऱ्यांनी दुसऱ्याबद्दल फारसं तोंड उघडलं नाही, हेही नोंदवायला हवं.

पाकिस्तानला २०२१ च्या अखेरीस हरारेला जावं लागलं. ती स्पर्धा श्रीलंकेत जुलै २०२० मध्ये ठरलेली, महासाथीमुळे लांबलेली, मग झिंबाब्वेत नेलेली. ओमायक्रॉनमुळे प्रवासावर बंधनं आली आणि २७ नोव्हेंबरला साखळी अर्धवट असतानाच ती गुंडाळली. तीन जागा एकदिवसीय क्रमवारीवरून बांगलादेश, पाकिस्तान आणि विंडीजला दिल्या. इथे ‘दर्जा’ या शब्दाने घोळ घातला. थायलंडने दोनच दिवसांपूर्वी बांगलादेशला डकवर्थ-लुईस नियमाने हरवलं होतं. पण थायलंडला एकदिवसीय दर्जाच नव्हता. त्यामुळे क्रमवारीत त्यांचं नाव नाही, आणि तो विजयही एकदिवसीय सामन्यांत धरला जात नाही. दर्जा मिळाला मे २०२२ मध्ये, न्यूझीलंडमधला विश्वचषक उरकल्यावर. दीड वर्षाहून जास्त काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळता हरारेला उतरलेली श्रीलंका याच क्रमवारीमुळे घरी राहिली.

२०२२ ते २०२५ च्या आवर्तनात संघ दहा झाले. प्रत्येकाने उरलेल्या नवांपैकी आठांशीच मालिका खेळायची असं ठरलं. भारताच्या वाट्याला न आलेला तो एक संघ कोणता, हे वेगळं सांगायला नको.