मदत फाइल उघडते, पण पान दिसत नाही?

आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरची मदत फाइल बरेच दुकानदार सर्व्हरवर ठेवतात आणि काउंटरच्या कॉम्प्युटरवरून उघडतात. मग डावीकडे विषयांची यादी व्यवस्थित येते, पण उजवीकडे पानाच्या जागी पान दाखवता येत नसल्याचा इंग्रजी संदेश असतो. घाबरू नका, फाइल खराब झालेली नाही. सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्याच्या भानगडीतही पडू नका, त्याने हे सुटत नाही.

ही सीएचएम प्रकारची फाइल, म्हणजे वेब पानांचा एकत्र बांधलेला गठ्ठा. अशा फाइलमधून घातक कोड चालवता येतो, म्हणून जून २००५ च्या सुरक्षा अपडेटपासून विंडोज नेटवर्कवरच्या सीएचएम फाइलची पानं दाखवत नाही. सर्व्हरच्या फोल्डरला 'झेड ड्राइव्ह' असं नाव दिलं तरी विंडोजच्या लेखी ते नेटवर्कच.

सोपा उपाय एकच: फाइल प्रत्येक कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हवर कॉपी करा आणि डेस्कटॉपवरचा शॉर्टकट त्या कॉपीचाच करा. फोल्डरच्या नावात # हे चिन्ह नको. 'बिल#२' अशा फोल्डरमध्ये स्वतःच्या कॉम्प्युटरवरची फाइलही उघडत नाही.

फाइल ईमेलने आली किंवा इंटरनेटवरून उतरवली असेल, तर कॉपी केल्यावरही पान अडू शकतं. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. जनरल टॅबमध्ये अगदी खाली 'अनब्लॉक' दिसेल, तिथे टिक करून ओके द्या. मात्र फाइल आमच्याकडूनच आली आहे याची आधी खात्री करा. झिप असेल तर ती सोडवण्याआधीच अनब्लॉक करा.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, 'मॅक्सअलाउडझोन' ही सेटिंग वाढवून नेटवर्कवरची फाइल उघडता येते, असं कोणी सांगेल. ते खरं आहे, तरी आम्ही तसं करून देत नाही. त्याने फक्त आमच्याच नाही, तर नेटवर्कवरच्या सगळ्याच सीएचएम फाइलना वाट मोकळी होते. कॉम्प्युटर खूप असतील आणि कॉपी करणं जमतच नसेल, तर तुमच्या नेटवर्कवाल्याला रजिस्ट्रीतल्या 'यूआरएलअलाउलिस्ट'मध्ये, म्हणजे परवानगी दिलेल्या पत्त्यांच्या यादीत, फक्त तेवढ्याच फोल्डरचा पत्ता घालायला सांगा.

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली, की मदत फाइलही सगळीकडे नव्याने कॉपी करा. नाहीतर काउंटरवरचा मुलगा जीएसटीची जुनी माहिती वाचून बिल करत राहील.