सल्लागार मंडळ की नियामक मंडळ? नर्सिंग कॉलेजात सल्ला कुणाचा, सही कुणाची

निवृत्त अधिसेविकेच्या (मेट्रनच्या) घरी पत्र येतं, 'आमच्या नर्सिंग महाविद्यालयाच्या सल्लागार मंडळावर आपली एकमताने निवड करण्यात आली आहे.' संध्याकाळपर्यंत गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कॉलेजच्या संचालकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असं फोटोसकट फिरायला लागतं. आठवडाभरात लांबचा एखादा भाचा दारात उभा. 'मावशी, पोरीचं तेवढं बी.एस्सी. नर्सिंगचं काम करा की.' मावशींच्या हातात सीट नसते, फीमध्ये सवलत नसते, शिपायाची ड्यूटी बदलणंसुद्धा नसतं. बहुतेक प्रवेश तर राज्याच्या सीईटी सेलच्या गुणवत्ता यादीवरून होतात. पण एकदा 'संचालक' छापून आलं की ऐकतंय कोण!

गोंधळ एकट्या भाच्याचा नाही. मंडळावर येणारे डॉक्टर, माजी विद्यार्थिनी, कधी कधी खुद्द संस्थेचे सचिवसुद्धा या दोन मंडळांची सरमिसळ करतात. दोन्हींच्या बैठका एकाच हॉलमध्ये होतात, माहितीपत्रकात दोन्हींचे फोटो लागोपाठ छापतात, आणि काही माणसं तर दोन्हीकडे असतात.

नियामक मंडळ म्हणजे ज्यांनी कॉलेज काढलं आणि ज्यांना त्याचा जाब द्यायचा आहे ती माणसं. खासगी नर्सिंग कॉलेज सहसा एखाद्या शिक्षण संस्थेचं किंवा हॉस्पिटल ट्रस्टचं असतं. संस्था बहुतेकदा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, विश्वस्त अशी पदं असतात. प्राचार्यांची नेमणूक, पगार, इमारत, बँकेतलं खातं, फीचा प्रस्ताव, हॉस्पिटलशी करार या सगळ्यावर यांच्या सह्या लागतात. संस्थेची जमीन विकायची असेल तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी काढावी लागते. ती न काढता व्यवहार केला तर नोटीस विश्वस्तांच्या नावाने येते. सल्लागाराच्या घरी पोस्टमन जात नाही.

सल्लागार मंडळाला असा कायद्याचा आधार नसतो. ते एका ठरावातून जन्माला येतं आणि एका ठरावाने बरखास्तही होतं. सदस्य किती, मुदत किती, बैठका किती, हे संस्थाच ठरवते. त्यात सहसा एखाद्या मोठ्या रुग्णालयाची अधिसेविका, सार्वजनिक आरोग्यात हयात घालवलेला डॉक्टर, बाहेरगावी चांगल्या हुद्द्यावर असलेली माजी विद्यार्थिनी, एखादा उद्योजक आणि एखादे निवृत्त प्राध्यापक असतात. त्यांनी बघायचं, विचारायचं, सुचवायचं. मानायचं की नाही, ते संस्थेने ठरवायचं.

आपल्याकडे समजायला सोपं उदाहरण महापालिकेतल्या स्वीकृत नगरसेवकाचं. तो सभागृहात बसतो, बोलतो, प्रसंगी आवाज चढवतो, पण राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने त्याला सभेत मताचा अधिकार दिलेला नाही. सल्लागार त्याच्याही एक पायरी बाहेर असतो, कारण तो मुळात सभागृहाचा सदस्यच नसतो.

अमेरिकेत विद्यापीठांच्या नर्सिंग आणि हेल्थ कॉलेजांना असं मंडळ असणं ही नेहमीची गोष्ट. तिथे कॉलेज हा विद्यापीठाचाच भाग असतो. कॉलेज डीन चालवतात, त्यांच्या वर प्रोव्होस्ट म्हणजे विद्यापीठाच्या शैक्षणिक कारभाराचे प्रमुख, मग विद्यापीठाचे अध्यक्ष आणि सगळ्यात वर विश्वस्त मंडळ. सल्लागार मंडळ असतं डीनचं. हॉस्पिटलांचे वरिष्ठ अधिकारी, माजी विद्यार्थी आणि देणगीदार त्यात बसतात, आणि शिष्यवृत्त्यांसाठी पैसा उभा करायला त्यांनी हातभार लावावा ही अपेक्षा उघडपणे सांगितली जाते. तिथल्या नर्सिंग अभ्यासक्रमांना मान्यता देणारी सीसीएनई ही संस्था आणखी एक गोष्ट तपासते. कॉलेजने आपली उद्दिष्टं ठरवताना रुग्णालयं, विद्यार्थी, समाज यांच्या गरजा विचारात घेतल्या का? त्यामुळे सल्लागारांच्या बैठकीचा कागद तिथे नुसता फायलीला लावून चालत नाही.

आपल्याकडे कोल्हापुरात रचना वेगळी. विद्यापीठ नाशिकला, ट्रस्ट इथे, प्राचार्या मध्ये. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकहून राज्यभरातल्या नर्सिंग कॉलेजांना संलग्नता देतं आणि परीक्षा घेतं. कॉलेज ते चालवत नाही. अभिमत, म्हणजे स्वतःच पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं कॉलेज असेल, कसबा बावड्यात आहे तसं, तर विद्यापीठ आणि संस्था एकाच आवारात, पण अशी कॉलेजं थोडी. मग सल्लागार सल्ला देतो तो कुणाला, प्राचार्यांना की अध्यक्षांना? पत्रात हे लिहिलेलं नसतं, आणि पुढची बरीच भांडणं इथूनच निघतात. सल्लागाराने प्राचार्यांना सुचवलं की अध्यक्षांना वाटतं आपल्याला डावललं. अध्यक्षांच्या कानावर घातलं की प्राचार्यांना ती चुगली वाटते. म्हणून निवडीच्या पत्रातच अहवाल कुणाकडे जाणार, हे एका ओळीत लिहून घ्यावं.

खरा फरक बैठकीत कळतो. समजा संस्थेला प्रवेशक्षमता ४० वरून ६० करायची आहे. निर्णय नियामक मंडळाचा. अर्ज, शुल्क, हमीपत्र, तपासणी पथकाची सरबराई, सगळं त्यांच्याकडे. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष त्यांनी वाचलेले असतात. १०० खाटांचं स्वतःचं रुग्णालय, एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण, दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक. कागदावर सगळं बसतं. आता सल्लागार मंडळातल्या अधिसेविका बोलायला लागतात. वर्गात २० मुली वाढल्या म्हणजे चार वर्षांत ८० वाढल्या, त्यांना उभं करायचं कुठे? खाटा नुसत्या असून भागत नाही, निदान ७५ टक्के भरलेल्या लागतात. पावसाळ्यात मेडिसिनच्या वॉर्डात पेशंट दाटीवाटीने, आणि शेजारच्या वॉर्डात निम्म्या खाटांवर नुसत्या गाद्या. लेबर रूमची तर गोष्टच निराळी. तिथे एएनएम, जीएनएम या पदवीखालच्या नर्सिंग कोर्सच्या आणि बी.एस्सी.च्या मुली, शिवाय इंटर्न डॉक्टर, सगळे एकाच बाळंतिणीभोवती. ज्या मुलीने बाळाचं डोकं बाहेर येताना मागून टाचा उंचावून पाहिलं, तिच्याही केस बुकात 'प्रसूती केली' असंच लिहून येतं. परिसेविकेची, म्हणजे वॉर्डच्या सिस्टरची सही होते, कारण मुलींची रांग लागलेली असते आणि तिला औषधांची फेरी गाठायची असते.

हे तपासणीच्या फॉर्ममध्ये कुठल्याच रकान्यात मावत नाही. ते तिथे नोकरी केलेल्या बाईलाच माहीत असतं. अशा वेळी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या तोंडून ठरलेलं वाक्य निघतं, 'मॅडम, तुम्हाला सल्ला विचारला तर तुम्ही पंचनामाच करायला लागला की!' माझं मत असं, की असं वाक्य ज्या मंडळात अधूनमधून ऐकू येतं ते मंडळ कामाचं आहे. जिथे दर बैठकीला 'संस्थेच्या प्रगतीबद्दल समाधान व्यक्त करण्यात आले' एवढंच लिहिलं जातं, तिथे पुष्पगुच्छांचा खर्च वाचवलेला बरा.

पण अधिसेविका क्षमतावाढ थांबवू शकतात का? नाही. त्या लेबर रूमसाठी दुसरं हॉस्पिटल सुचवू शकतात, तिथल्या मेट्रनशी बोलून देऊ शकतात, पोस्टिंगच्या पाळ्या बदलायला सांगू शकतात. करारावर सही मात्र सचिवच करणार.

सगळ्याच सल्ल्यांना वरचा शिक्का लागतो असंही नाही, आणि हे अनेक सल्लागारांना ठाऊक नसतं. कम्युनिटी पोस्टिंगचंच घ्या. मुलींची बस आठवड्याच्या ठरलेल्या वारी करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातल्या एखाद्या गावी जाते. उपकेंद्रावर पोचल्यावर कळतं की लसीकरणाचं सत्र कालच झालं. मुली मग घरोघर जाऊन सर्वेक्षणाचे फॉर्म भरतात आणि आशाताईंबरोबर फोटो काढून परततात. महिनाभराच्या पोस्टिंगमध्ये लसीचा डबा उघडताना, व्हायलवर वेळ लिहिताना, रडणाऱ्या पोराला आईच्या मांडीवर धरताना त्यांनी पाहिलेलंच नसतं. सार्वजनिक आरोग्यातली एखादी सल्लागार हे एका वाक्यात सोडवते: बस एक दिवस अलीकडे न्या. त्याला ठराव नको, बजेट नको. प्राचार्या आणि पाठ्यनिर्देशिका (शिकवणाऱ्या सिस्टर) मिळून सोमवारच्या सोमवारी वेळापत्रक बदलू शकतात. सल्लागारांनी निम्मा वेळ अशाच गोष्टींवर घालवावा असं मला वाटतं. इमारतीच्या रंगावर बोलणारे पुष्कळ असतात.

याउलट काही सल्ले नियामक मंडळाच्याही आवाक्याबाहेरचे असतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पूरकाळातली शुश्रूषा शिकवायला हवी, ही सूचना इथल्या कुठल्याही मंडळात येणारच. छावणीतल्या पाण्याची तपासणी, लेप्टोची (पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) लक्षणं, डायलिसिसच्या पेशंटांची आणि दिवस भरलेल्या बायकांची यादी. सूचना रास्त आहे, पण संलग्न कॉलेजला पदवीच्या अभ्यासक्रमात स्वतःहून नवा विषय घालता येत नाही. ते परिषदेचं आणि विद्यापीठाचं काम. कॉलेज जास्तीचा छोटा कोर्स घेऊ शकतं, शिरोळ तालुक्यात प्रात्यक्षिक ठेवू शकतं. अभिमत विद्यापीठाला स्वतःचं अभ्यासमंडळ असतं, त्यामुळे तिथे हात थोडे मोकळे, पण परिषदेच्या चौकटीतच.

कोल्हापुरात आणखी एका ठिकाणी पाय घसरतो. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कला, वाणिज्य, विज्ञान कॉलेजांना २०१६ च्या विद्यापीठ कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यात शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य घेतात आणि वर्षातून निदान चार बैठका व्हाव्या लागतात. हे चार सदस्य दिसायला हुबेहूब सल्लागारांसारखे, पण ती कायद्याने नेमलेली समिती आहे. बजेट आणि विकास आराखडा तिच्यापुढे येतो. अशा समितीवर बसून आलेले गृहस्थ नर्सिंग कॉलेजच्या सल्लागार मंडळात येतात आणि पहिल्याच बैठकीत ताळेबंद मागतात. हा कायदा आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कॉलेजांना लागू नाही. त्यांचा कायदा निराळा. ताळेबंद दाखवणं संस्थेच्या मर्जीवर. शहाण्या संस्था दाखवतात, तो भाग वेगळा.

सरकारी नर्सिंग कॉलेजात नियामक मंडळाची जागा शासनाचा विभागच घेतो, त्यामुळे हा गोंधळ तिथे फारसा होत नाही.

आपण नक्की कुठे बसलो आहोत हे ओळखायला फार कागद चाळावे लागत नाहीत. धर्मादाय कार्यालयातून संस्थेचा शेड्यूल वनचा उतारा काढावा. विश्वस्तांची नावं त्यावर असतात. तुमचं नाव त्यात असेल तर हिशोब, ऑडिट, कोर्टकचेरी सगळं तुमचं; 'मी नुसता सल्ला देत होतो' हे तिथे चालत नाही. नाव नसेल तर बहुधा तुम्ही सल्लागार, मग लेटरहेडवर काहीही छापलेलं असो. दुसरा कागद म्हणजे इतिवृत्त. सल्लागार मंडळाचं इतिवृत्त नियामक मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर येतं का, आणि न मानलेल्या सूचनेसमोर कारण लिहितात का, हे पाहावं. कारण लिहायची सवय असलेल्या संस्था थोड्याच असतात, पण सल्लागाराने मागितलं तर नाही म्हणायला जड जातं.

हितसंबंधांचा प्रश्न दोन्हीकडे आहे, फक्त रूप वेगळं. विश्वस्ताने स्वतःच्याच फर्मकडून बांधकाम करून घेतलं तर कायदा विचारतो. सल्लागाराने मेव्हण्याच्या दुकानातले सरावाचे पुतळे स्किल लॅबसाठी सुचवले तर कोणी विचारत नाही, म्हणून ते आपण होऊन सांगावं. हॉस्पिटलच्या एचआरवाल्यांबाबत मी जरा कडक आहे. त्यांना मंडळात घेतात ते मुलींच्या नोकऱ्यांसाठी. पण दोन वर्षांचे बाँड आणि ठेवून घेतलेली मूळ प्रमाणपत्रं याबद्दल त्याच बैठकीत त्यांना विचारायला हवं, आणि ते विचारण्याची सोय सल्लागाराइतकी कोणालाच नसते. शिक्षिकेला नोकरी टिकवायची असते, प्राचार्यांना प्लेसमेंटचा आकडा दाखवायचा असतो.

बाहेर पडतानाही दोन वाटा वेगळ्या. सल्लागाराने अध्यक्षांच्या नावे चार ओळींचं पत्र दिलं, पोच घेतली की झालं. विश्वस्ताने नुसता राजीनामा देऊन भागत नाही. संस्थेने १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो मंजूर होऊन उतारा बदलेपर्यंत जुनं नाव सरकारदरबारी तसंच राहतं, आणि काही संस्थांमध्ये हा अर्ज सचिवांच्या टेबलावर वर्षानुवर्षं पडून असतो. राजीनाम्याची पोच आणि बदल अर्जाचा क्रमांक दोन्ही जपून ठेवावे, मागे लागून मिळवावे लागले तरी.