वल्हांडण आणि येशूच्या मृत्यूची कालगणना

येशूला क्रूसावर कोणत्या वर्षी चढवले हे नवा करार सांगत नाही. काळाची खूण म्हणून तो मुख्यतः यहुद्यांच्या सणांचा उल्लेख करतो. हा मृत्यू वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तमधील गुलामीतून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ यहुदी पाळतात त्या सणाच्या, सुमारास आणि शब्बाथाच्या (यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीदिवसाच्या) आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी झाला, याबाबत मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची चारही शुभवर्तमाने (येशूची चरित्रे) एकमताची आहेत. निसान या यहुदी पंचांगातील वसंत ऋतूतल्या महिन्याचा तो चौदावा दिवस की पंधरावा, हा मात्र जुना वाद आहे.

यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. १४ निसानच्या दुपारी यरुशलेमच्या मंदिरात कोकरे कापली जात आणि अंधार पडल्यावर, म्हणजे १५ निसान लागल्यावर, ती बेखमीर भाकरीबरोबर खाल्ली जात. मार्क, मत्तय आणि लूक यांच्या मते येशूने शिष्यांसह केलेले शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन होते. अर्थात मृत्यू १५ निसानचा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात मात्र येशूला रोमन अधिकारी पिलाताकडे नेणारे लोक विटाळ होऊ नये आणि वल्हांडणाचे भोजन करता यावे म्हणून सरकारवाड्यात पाऊल टाकत नाहीत. भोजन व्हायचेच आहे, तेव्हा तो दिवस १४ निसान ठरतो आणि मृत्यूची वेळ कोकरे कापण्याच्या वेळेशी जुळते. येशूचे पाय मोडले नाहीत हे सांगताना योहान शास्त्रलेखाचा आधार देतो. वल्हांडणाच्या कोकराचे हाड मोडू नये असा जुन्या करारातील निर्गम या पुस्तकातील नियम आहेच. त्यामुळे योहानाने धर्मार्थासाठी दिवस सरकवला, असे काही अभ्यासक मानतात. तरीही ऐन सणाच्या दिवशी चौकशी आणि शिक्षा उरकली गेली हे पटायला अवघड असल्याने, योहानाचा क्रम निव्वळ प्रतीकात्मक म्हणून बाजूला सारता येत नाही.

दोन्ही वर्णने जुळवण्यासाठी फ्रेंच संशोधिका आनी जोबेर यांनी १९५७ मध्ये असे सुचवले की, येशूने मृत समुद्राजवळील कुमरान येथे सापडलेल्या प्राचीन यहुदी लेखांत आढळणाऱ्या ३६४ दिवसांच्या सौर पंचांगानुसार मंगळवारी रात्रीच भोजन केले असावे. कल्पना चतुर आहे, पण येशू ते पंचांग पाळत असल्याचा पुरावा शुभवर्तमानांत नाही.

वर्ष ठरवण्यासाठी खगोलगणिताची मदत होते. पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहुदियाचा अधिकारी होता. त्या काळातील १४ निसान शुक्रवारी येण्याची शक्यता मुख्यतः ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३ या तारखांना आहे. अर्थात महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होई आणि आपल्या अधिक मासासारखा जादा महिना गरजेप्रमाणे धरला जाई, त्यामुळे या गणितात एका दिवसाची किंवा महिन्याची चूक संभवते. योहान किमान तीन वल्हांडण सणांचा उल्लेख करतो. लूक योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या (हा शुभवर्तमानकार योहान नव्हे) कार्याचा आरंभ रोमन सम्राट तिबेर्य कैसराच्या पंधराव्या वर्षी, म्हणजे सामान्यतः इ.स. २८-२९ मध्ये, ठेवतो. येशूचे कार्य त्यानंतर सुरू झाले असल्याने ही दोन्ही विधाने एकत्र धरली, तर इ.स. ३३ अधिक सोयीचे पडते. तिबेर्याचे वर्ष त्याच्या आधीच्या सम्राट ऑगस्टसबरोबरच्या सहराज्यापासून मोजले, तर इ.स. ३० देखील बसते.